चव्वेचाळीसचा देव्हारा

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात सिराक्यूज नावाचे शहर आहे आणि त्या शहरात त्याच नावाचे विद्यापीठ आहे. या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या इतिहासातील सर्वांत थोर खेळाडू कोण, या प्रश्नावर तेथील माणसे कित्येक वर्षे भांडत आली आहेत. बाप एका बाजूला आणि मुलगा दुसऱ्या बाजूला, अशी घरेच्या घरे तेथे आहेत म्हणतात. आता या भांडणात एका मराठी मास्तराने उडी घेण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारणे दोन आहेत. माझा भाचा तेथे शिकायला आहे आणि शरद ऋतू लागला की वसतिगृहाच्या भोजनगृहात रोज रात्री कानांवर पडणारे हे भांडण तो मला फोनवरून इमानाने सांगत असतो. हे पहिले. दुसरे असे की, ज्या रीतीने हे भांडण चालते ती रीत मला मुळातच खोटी वाटते. आणि खोट्या रीतीने चाललेले भांडण ऐकून गप्प बसण्याचा आमच्या घराण्यात प्रघात नाही.

"मामा, तुम्ही कॉलेजची पायरी चढला नाहीत, तुम्हाला काय कळणार कॉलेजचा अभिमान!" असे भाच्याने एकदा थट्टेने म्हटले. खरे आहे. मी मॅट्रिक झालेला मास्तर. पण वरातीत न नाचणाऱ्या माणसालाच कधी कधी नवरदेवाची पगडी वाकडी झालेली दिसते.

वाचकांच्या सोयीसाठी आधी या खेळाबद्दल थोडे सांगतो. अमेरिकेतला फुटबॉल हा आपला फुटबॉल नव्हे. नाव पायाचे आणि काम हाताचे! चेंडू न सोललेल्या नारळासारखा लांबोडा. तो छातीशी कवटाळून पळत सुटायचे, नाहीतर हवेतून साथीदाराकडे फेकायचा, आणि समोरच्या अकरा जणांनी तुम्हाला जमिनीवर लोळवायचे. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. तेवढ्यात जमले नाही की चेंडू दुसऱ्याकडे. शंभर यार्डांच्या मैदानाची पलीकडची रेघ चेंडूसह ओलांडली की सहा गुण, आणि त्यावर लाथेने चेंडू दोन खांबांमधून धाडला तर आणखी एक. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सगळे समजेल.

सिराक्यूजच्या लोकांनी चव्वेचाळीस या अंकाचा देव्हारा मांडला आहे. त्यांच्या तीन नामांकित खेळाडूंच्या पाठीवर हा अंक होता. जिम ब्राउन १९५४ ते १९५६, एर्नी डेव्हिस १९५९ ते १९६१ आणि फ्लॉइड लिटल १९६४ ते १९६६. पुढे या अंकाचे माहात्म्य इतके वाढले की विद्यापीठाचे दूरध्वनी ४४३ ने सुरू होऊ लागले आणि टपालाचा क्रमांक ठरला १३२४४. शेवटी २००५ साली तो अंक सन्मानाने निवृत्त करण्यात आला. आता तेथे कोणाही खेळाडूने तो अंगावर घालायचा नाही. यात मला हसू येत नाही. बाप्पाला बरोबर एकवीस मोदक मोजून वाढणाऱ्यांनी दुसऱ्याच्या अंकाला हसू नये. माझी तक्रार वेगळी आहे. देव्हारा मांडला की माणूस देव्हाऱ्यातल्याच मूर्ती मोजतो. तेथील भांडणही तसेच आहे. थोर कोण? ब्राउन की डेव्हिस? फार तर लिटल. जणू १९५४ च्या आधी त्या मैदानावर गवतच उगवत होते!

तथापि ब्राउनच्या भक्तांचे म्हणणे आधी नीट ऐकून घेऊ, कारण ते हलके नाही. जिम ब्राउन हा न्यूयॉर्कजवळच्या मॅनहॅसेटचा मुलगा. तो सिराक्यूजला आला तेव्हा विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्तीसुद्धा दिलेली नव्हती. गावातल्या केनेथ मोलॉय नावाच्या वकिलाने चार दुकानदारांकडून वर्गणी गोळा करून त्याचे पहिले वर्ष भागवले. मुलाची समजूत मात्र अशी की आपल्याला शिष्यवृत्ती मिळाली आहे. (आपल्याकडेही अशी माणसे असतात. मुलाला कळू न देता त्याची फी भरणारी. त्यांचे पुतळे होत नाहीत.) हाच मुलगा १९५६ साली कोलगेट विद्यापीठाविरुद्ध उतरला आणि एकट्याने त्रेचाळीस गुण करून बाहेर आला. सहा वेळा रेघ ओलांडली आणि सात वेळा लाथेने चेंडू खांबांमधून धाडला. सामना ६१-७. पुढे १ जानेवारी १९५७ ला डल्लास येथे कॉटन बोलच्या मोठ्या सामन्यात संघाच्या सत्तावीस गुणांपैकी एकवीस त्याचे. सामना हरला तो २८-२७ असा, एका गुणाने. ब्राउनने मारलेली एक लाथ प्रतिपक्षाने हाताने अडवली, तेवढ्याने. त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारा हाइझमन करंडक त्याला मिळाला नाही. मतमोजणीत तो पाचवा आला. ज्याला करंडक मिळाला, त्या पॉल हॉर्नंगचा नोत्र दाम संघ त्या मोसमात दहापैकी आठ सामने हरला होता! मतदारांना ब्राउनचा खेळ दिसला नाही की रंग दिसला, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता डेव्हिसचे भक्त. त्यांची बाजू मृदू आहे, कारण डेव्हिस स्वतःच मृदू होता. एल्मायरा गावचा हा मुलगा. त्याच्या पहिल्याच मोसमात, १९५९ साली, सिराक्यूज अकराच्या अकरा सामने जिंकून देशात पहिला आला. कॉटन बोलमध्ये टेक्सासविरुद्ध, मांडीचा स्नायू दुखावलेला असताना, त्याने चेंडू झेलून सत्त्याऐंशी यार्डांची मजल मारली. सामना २३-१४. सामन्यानंतर मेजवानी होती. काळ्या खेळाडूंनी बक्षीस घ्यावे आणि मग निघून जावे, असे त्यांना सांगण्यात आल्याची हकीकत पुष्कळांनी लिहून ठेवली आहे. १९६१ साली त्याला हाइझमन करंडक मिळाला. तो मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णी खेळाडू. मग व्यावसायिक खेळाचे दार उघडले, क्लीव्हलंडच्या संघाने त्याला घेतले, आणि १९६२ च्या उन्हाळ्यात रक्ताचा कर्करोग निघाला. एकही व्यावसायिक सामना न खेळता १८ मे १९६३ रोजी तो गेला. वय तेवीस. योगायोग असा की जिम ब्राउनही गेला तो १८ मेलाच, बरोबर साठ वर्षांनी, २०२३ साली. त्या दिवशी सिराक्यूजमध्ये काही घरांत तरी भांडण थांबले असेल.

मग आकड्यांवर विश्वास ठेवणारे लोक येतात. त्यांच्या हातात वही असते. ब्राउन तीन मोसमांत चेंडू घेऊन २,०९१ यार्ड पळाला, डेव्हिस २,३८६, लिटल २,७०४, त्यामागून आलेला एकोणचाळीस नंबरचा लॅरी झोंका २,९३४. म्हणजे ज्याला थोर म्हणतात तो दर पिढीला मागे पडत गेला. आणि १९८० च्या सुमारास जो मॉरिस नावाचा एक बुटका मुलगा आला. तो चार मोसमांत ४,२९९ यार्ड पळाला, म्हणजे ब्राउनच्या दुपटीहून अधिक. वहीवाल्यांना विचारा, मग मॉरिसच थोर ना? लगेच वही मिटते. "छे, छे, ब्राउनच्या काळी सामने कमी, मोसम तीनच, आणि एकाच माणसाने चढाईही करायची आणि बचावही." अगदी बरोबर. पण मग आकडा थोरवी ठरवत नाही हे तुम्हीच कबूल केलेत. आधी मनात माणूस ठरवायचा आणि मग त्याला शोभतील ते आकडे शोधायचे, हा धंदा पत्रिका जुळवणाऱ्या ज्योतिष्याचा आहे.

नुसत्या खेळाचा प्रश्न असेल तर मी वाद घालत नाही. तो चेंडू हातात घेऊन जन्माला आलेल्या माणसांत ब्राउनसारखा दुसरा झाला नसेल. पण आपण ब्राउनला थोर म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे त्याची क्लीव्हलंडमधली नऊ वर्षे असतात. नऊपैकी आठ वर्षे पळण्यात तो साऱ्या देशात पहिला होता. ती कमाई क्लीव्हलंडची, सिराक्यूजची नव्हे. आणि डेव्हिसला थोर म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे तेवीस वर्षांचे प्रेत असते. दोन्हीकडे प्रश्नाला बगल दिली जाते. प्रश्न होता, या संघाच्या इतिहासातला थोर खेळाडू कोण. संघाचा खेळाडू मोजायचा तर तो असताना संघ काय होता आणि तो नसताना काय झाला, हे पाहिले पाहिजे. इतकी स्वच्छ परीक्षा सहसा होत नाही. सिराक्यूजमध्ये ती एकदा झालेली आहे. तिचा निकालही लागलेला आहे. आणि ज्याने ती दिली त्याच्या पाठीवर चव्वेचाळीस नव्हते.

त्याचे नाव विल्मथ सिदात-सिंग.

'सिंग' वाचून वाचक सावरून बसले असतील. पण मुलगा आपला नव्हे. १९१८ साली वॉशिंग्टनमध्ये एका काळ्या कुटुंबात जन्मला, जन्मदाते वडील लहानपणीच वारले, आणि आईने भारतीय वंशाच्या सॅम्युअल सिदात-सिंग नावाच्या डॉक्टरशी लग्न केले. त्या सावत्र वडिलांनी मुलाला आपले नाव दिले. कुटुंब न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत राहायला गेले. मुलगा बास्केटबॉलमध्ये नाव काढून सिराक्यूजला आला. फुटबॉल तो तेथे वसतिगृहातल्या पोरांबरोबर हौसेने खेळत होता. रॉय सिमन्स नावाच्या साहाय्यक प्रशिक्षकाने ते पाहिले आणि त्याला संघात ओढले. त्या काळी या जागेवरच्या खेळाडूने चेंडू घेऊन पळायचे, तोच फेकायचा आणि प्रतिपक्षाची चढाई आली की अडवायलाही त्यानेच उभे राहायचे. सिदात-सिंगचा हात असा की चेंडू हवेतून जाई तो टपालासारखा, नेमक्या पत्त्यावर.

आता त्या काळची अमेरिका आठवा. दक्षिणेकडच्या विद्यापीठांचा एक सभ्य करार होता. त्याला खरोखरच सभ्य गृहस्थांचा करार म्हणत! करार असा की, आमच्याशी खेळायचे तर तुमचा काळा खेळाडू घरी ठेवा. उत्तरेकडची विद्यापीठे काळ्यांना प्रवेश देत आणि हा करारही पाळत. दोन्ही एकदम. सिदात-सिंगच्या बाबतीत मात्र एक सोय झाली. वर्तमानपत्रांनी त्याला 'हिंदू' करून टाकले. तेव्हा अमेरिकेत हिंदुस्थानातून आलेला कोणीही, मग तो कोणत्याही धर्माचा असो, हिंदूच म्हटला जाई. १९२३ साली भगतसिंग थिंड या शीख गृहस्थाचा नागरिकत्वाचा दावा तेथील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला तेव्हा त्यांनाही कागदोपत्री हिंदूच म्हटले होते, आणि हिंदू म्हणजे गोरा नव्हे असा निकाल दिला होता. म्हणजे नागरिक व्हायला हिंदू चालत नव्हता. पण चेंडू फेकायला चालत होता. विद्यापीठाने हे 'हिंदू' प्रकरण खोडून काढले नाही. संघ जिंकत होता. जिंकणाऱ्या संघाला खोड-रबराची गरज नसते.

ऑक्टोबर १९३७ मध्ये संघ मेरिलंड विद्यापीठाशी खेळायला बाल्टिमोरला गेला. सामन्याच्या तोंडावर वॉशिंग्टनच्या एका वर्तमानपत्रात सॅम लेसी या काळ्या पत्रकाराने लिहिले की हा मुलगा हिंदू नव्हे, आपल्यातलाच आहे. लेसीला त्यानंतर पुष्कळांनी दोष दिला. चांगली झाकलेली मूठ त्याने उघडली म्हणून. मला तो दोष पटत नाही. लेसीने चहाडी केली नाही. खोट्या नावाने मिळालेला सन्मान हा त्या मुलाचा सन्मान नव्हे, एवढेच त्याला म्हणायचे होते, आणि लेखणी धरणाऱ्या माणसाने ते म्हणायलाच हवे होते. पुढे आयुष्यभर काळ्या खेळाडूंना मैदाने उघडी करून देण्यासाठी हा माणूस झगडला. मूठ उघडल्यावर आतून जे निघाले, त्याचा दोष उघडणाऱ्याला का?

मेरिलंडने सांगितले, हा खेळणार असेल तर आम्ही खेळणार नाही. आणि सिराक्यूजने काय केले? संघ घेऊन परत फिरले? मुळीच नाही. मुलाला बसवले आणि सामना खेळले. निकाल, मेरिलंड १३, सिराक्यूज ०.

पुढच्या वर्षी, १९३८ साली, मेरिलंडचा संघ सिराक्यूजला आला. येथे सभ्य करार लागू नव्हता. सिदात-सिंग खेळला. निकाल, सिराक्यूज ५३, मेरिलंड ०.

तो नसताना शून्य विरुद्ध तेरा. तो असताना त्रेपन्न विरुद्ध शून्य. वहीवाले लोकहो, आकडेच हवेत ना? हे घ्या. सत्तर वर्षांच्या वहीत यार्डांची बेरीज करत बसलात आणि पहिल्या पानावरचे हे गणित सोडवायचे राहिले.

आणि तो केवळ मेरिलंडचे उट्टे काढण्यापुरता खेळला असे नाही. त्याच १९३८ च्या मोसमात शेजारच्या कॉर्नेल विद्यापीठाशी सामना होता. सामना संपत आला तरी कॉर्नेल पुढे. प्रेक्षक उठू लागण्याची ती वेळ. तेथून पुढच्या दहाएक मिनिटांत या मुलाने तीन वेळा चेंडू असा फेकला की तिन्ही वेळा साथीदाराने रेघ ओलांडली. मध्येच कॉर्नेलनेही एकदा ओलांडली, तरी शेवटी सिराक्यूज १९-१७ ने जिंकले. ग्रँटलंड राइस हा त्या काळचा अमेरिकेतला सर्वांत नामांकित क्रीडालेखक त्या सामन्याला हजर होता, आणि त्याने या मुलाची तोंड भरून स्तुती केली.

येथे कोणी मराठी वाचक "अमेरिकेत काय हा अन्याय!" म्हणून चकलीचा पुढचा तुकडा मोडील. त्याने जरा थांबावे. आपल्या पळवणकर बाळूंची गोष्ट आठवावी. पुण्याच्या हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, कारण तिच्याशिवाय गोऱ्यांचा संघ हरत नव्हता. पण चहाची वेळ झाली की बाकीचे तंबूत कपबशीने पीत आणि बाळूंना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांनी ११४ बळी घेतले. तरी जातीमुळे हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे रीतसर कधी आले नाही. ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळाले तेव्हा १९२३ साल उजाडले होते. तिकडे 'हिंदू' म्हटल्याने एका मुलाला मैदान उघडले. इकडे हिंदू असूनही एका माणसाला तंबू उघडला नाही. सिराक्यूज आणि पुणे यांत अंतर फार नाही.

सिदात-सिंगचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे, कारण ब्राउनच्या भक्तांचा पहिला आक्षेप तेथेच येतो. "हा इतका मोठा, तर व्यावसायिक खेळात का दिसला नाही?" महाशय, १९३४ पासून १९४६ पर्यंत त्या व्यावसायिक संघटनेत एकही काळा खेळाडू घेतला गेला नाही. तो पदवी घेऊन बाहेर पडला १९३९ साली. ज्या दारातून ब्राउन आणि डेव्हिस आत गेले, ते दार त्याच्या वेळी भिंत होते. तो काळ्यांच्या संघांतून बास्केटबॉल खेळला, मग वैमानिक झाला. टस्कीगी येथे तयार झालेल्या काळ्या वैमानिकांच्या तुकडीत. ९ मे १९४३ रोजी मिशिगनमध्ये सराव चालू असता विमानाचे इंजिन बिघडले. त्याने ह्यूरन सरोवरावर छत्री घेऊन उडी टाकली आणि छत्रीच्याच दोऱ्यांत अडकून तो बुडाला. काही आठवड्यांनी देह सापडला. आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीत त्याची समाधी आहे. वय पंचवीस, डेव्हिसपेक्षा दोन वर्षे जास्त. डेव्हिसवर २००८ साली चित्रपट निघाला. त्यात वेस्ट व्हर्जिनियातल्या प्रेक्षकांनी काळ्या खेळाडूंवर बाटल्या आणि शिव्या फेकल्याचा मोठा प्रसंग दाखवला आहे. वस्तुतः तो सामना सिराक्यूजलाच झाला होता! म्हणजे न घडलेला अपमान पडद्यावर रंगवला गेला, आणि जो घडला होता तो बाल्टिमोरच्या जुन्या वर्तमानपत्रांत पडून राहिला.

दुसरा आक्षेप माझ्या भाच्याचाच. "मामा, तुम्ही दयेपोटी बोलता. अन्याय झाला म्हणून कोणी थोर होत नाही." अगदी मान्य. अन्याय झाला म्हणून मी त्याला थोर म्हणत नाही. १९७० साली याच संघातल्या नऊ काळ्या खेळाडूंवर अन्याय झाला. खेळाडूंना समान वैद्यकीय उपचार मिळावेत, अभ्यासाला मदत मिळावी, एखादा काळा प्रशिक्षक असावा, अशी साधी मागणी करून ते वसंत ऋतूतल्या सरावाला गैरहजर राहिले आणि संघाबाहेर पडले. वर्तमानपत्रांनी त्यांना 'सिराक्यूजचे आठ' असे नाव दिले. होते नऊ! मोजताना एक सांडला आणि तो सांडलेलाच राहिला. २००६ साली विद्यापीठाने त्यांचा सन्मान केला. त्यांच्या धैर्यापुढे मी मान लववतो, पण त्यांच्यापैकी कोणाला मी सर्वांत थोर खेळाडू म्हणणार नाही, कारण प्रश्न खेळाचा आहे. सिदात-सिंगला मी थोर म्हणतो तो त्या ५३-० साठी. ज्या संघाने आपल्याला पाहुण्यांच्या पंगतीतून उठवले, त्याच संघासाठी पुढच्या वर्षी उतरायचे आणि असे उतरायचे की समोरच्याला एक गुण मिळू नये. हे पळण्याच्या यार्डांत मोजता येत नाही, पण खेळाच्या बाहेरचेही नाही. ते खेळातलेच आहे. निकालपत्रावर आहे.

माझ्या रागाचे खरे ठिकाण वेगळे आहे आणि मास्तर असल्यामुळे ते मला लवकर दिसते. मी पूर्वी ज्या शाळेत होतो तिचे नाव सांगत नाही. तेथे खो-खो खेळणारा एक मुलगा होता. पायांत वारा भरलेला. जिल्ह्याच्या सामन्यांची यादी निघाली तेव्हा त्याची फी थकली होती म्हणून नाव गाळले गेले. पोराने शाळा सोडली, तालुक्याच्या गावी दुसऱ्या शाळेत गेला, तेथून राज्याच्या संघात निवडला गेला. तीन वर्षांनी आमच्या कार्यालयात त्याची तसबीर लागली. खाली सोनेरी अक्षरांत 'आमचा माजी विद्यार्थी'. त्या 'आमचा' या शब्दाकडे पाहून मला जे वाटे तेच हे भांडण ऐकताना वाटते. 'आमच्या संघाचा थोर खेळाडू' म्हणताना सिराक्यूजवाल्यांनी त्या 'आमच्या' शब्दावर जरा अडखळावे. ब्राउनची फी वकिलाने भरली. डेव्हिसचा पुतळा उभारला तेव्हा त्याच्या पायांत त्याच्या काळी नसलेल्या कंपनीचे बूट घातले गेले आणि मग पुतळा दुरुस्त करावा लागला. आणि सिदात-सिंगला तर त्यांनी स्वतःच्या हातांनी बाकावर बसवले.

२०१३ च्या नोव्हेंबरात मेरिलंड विद्यापीठाने त्याच्या नातेवाइकांना मैदानावर बोलावून जाहीर क्षमा मागितली. शहात्तर वर्षांनी का होईना, मागितली. चांगले झाले. पण अट घालणारा एक होता आणि ती निमूट मानणारा दुसरा. बाल्टिमोरच्या त्या दुपारी पंच कोणाला आत घ्यायचे ते ठरवत नव्हते. सिराक्यूजचे लोकच ठरवत होते. विद्यापीठाने २००५ साली त्याचा १९ क्रमांक निवृत्त केला हे खरे, पण तो बास्केटबॉलचा. म्हणजे ज्या खेळात त्याला बसवले त्याचा नव्हे. मौज अशी की चव्वेचाळीसही त्याच साली निवृत्त झाला. दोन्ही समारंभ एकाच वर्षात. फुटबॉलचा हार चव्वेचाळीसला, बास्केटबॉलचा याला, आणि १९३७ चा प्रश्न कोणाच्याच गळ्यात नाही.

हे सगळे मी भाच्याला सविस्तर लिहून पाठवले. त्याने ते इंग्रजीत करून भोजनगृहात वाचून दाखवले. एका ब्राउनभक्ताने उत्तर धाडले आहे. त्याचे म्हणणे, १९३८ साली मेरिलंडचा संघ आदल्या वर्षीच्या मानाने फार पडता होता. घरचे मैदान, घरचे प्रेक्षक. एका खेळाडूच्या असण्या-नसण्याने तेराचे त्रेपन्न होत नसतात. मुलगा हुशार दिसतो. पडता असेल. घरचे मैदान होतेच. त्रेपन्नातले वीस गुण मी या दोन कारणांना खुशीने सोडून देतो, हवे तर तीस सोडतो. उरतात तेवीस. पण कॉर्नेलचा संघ त्या वर्षी मुळीच पडता नव्हता. शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत तोच पुढे होता. तेव्हा त्या १९-१७ चे काय, एवढेच मी उलट टपाली विचारले आहे. पाकिटावर १३२४४ घातले होते, म्हणजे पोहोचायला हरकत नव्हती. उत्तर अजून आलेले नाही.